अक्षरी वीस फक्त



गेले दोन महिने या ग्रुपवर सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी, विवेकवर्धिनी शाळा यांच्या आठवणी वाचतोय. फार बरं वाटतं. मागच्या आठवड्यात कुणीतरी जुन्या दुकानांच्या पाट्यांबद्दल लिहिलं होतं, हातानं रंगवलेल्या, तीन-तीन लिपींतल्या. ते वाचून मलाही लिहावंसं वाटलं. पण मी पाट्यांबद्दल नाही, नावांबद्दल लिहिणार आहे. नाव म्हणजे होडी. मराठीत होडीलाही नाव आणि माणसाच्या नावालाही नाव. त्यामुळे नावेवरचं नाव हा आपल्या भाषेतच एक गंमतीचा विषय आहे.

मी बँकेतला माणूस. बद्रुका कॉलेजचा बी.कॉम., आणि नंतर सगळी नोकरी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये. १९४२ साली गनफाउंड्रीत सुरू झालेली ही बँक निजामाच्या उस्मानिया सिक्क्याचा कारभार बघायची. २०१७ च्या १ एप्रिलला ती स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही. आमच्या घरी वडिलांनी जपलेली निजामाची एक नोट आहे. तिच्यावर उर्दू आणि इंग्रजीबरोबर तेलुगू, मराठी आणि कानडीतही किंमत लिहिलेली आहे. लहानपणी वडील ती दाखवून म्हणायचे, "बघ, आकडा सगळ्यांना कळला पाहिजे. ज्याला कळणार नाही, तोच फसेल." बँकेत लागल्यावर या वाक्याचा अर्थ रोज नव्यानं कळत गेला.

आता बँकेचा आणि होड्यांचा संबंध काय, असं विचाराल. सांगतो.

१९८४ ते ८७ मी काकीनाड्याच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका शाखेत होतो. हैदराबादचा माणूस, समुद्र फक्त सिनेमात पाहिलेला. तिथं आमच्याकडे कोळ्यांची होडी-कर्जं बरीच होती. त्या काळात लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरग्लासच्या होड्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. कर्जाचं तारण म्हणजे तीच होडी, आमच्या भाषेत हायपोथिकेशन, म्हणजे नजरगहाण. वस्तू कर्जदाराकडेच राहते, हक्क बँकेचा. मग तो हक्क जगाला कळावा म्हणून होडीवर बँकेचं नाव रंगवून घ्यायचं, असा नियम. ते नाव आहे की नाही हे बघायला महिन्यातून एकदा फील्ड ऑफिसरनं, म्हणजे मी, वाळूत जायचं.

पहिल्याच तपासणीत एका म्हाताऱ्या कर्जदाराच्या होडीवर पुढं मोठ्या लाल अक्षरांत गंगम्मा देवीचं नाव, आणि आमच्या बँकेचं नाव पार मागच्या बाजूला, वीतभर. मी म्हटलं, बाबा, बँकेचं नाव पुढं पाहिजे ना? तो हसून म्हणाला, "साहेब, देव पुढं असतो, बँक मागून येतेच." मी अहवालात "नाव आढळले" एवढंच लिहिलं.

गंमत सोडा, पण त्या वाळूत मला एक गोष्ट दिसली. होडी रोज वाळूवरून ओढत न्यायची, ओढत आणायची. खारं पाणी, ऊन, जाळ्यांचं घासणं. सहा महिन्यांत रंगवलेलं अक्षर अर्धं गायब व्हायचं. नोंदणीचा नंबरही जायचा. आणि एकदा वादळात तीन होड्या वाहून दुसऱ्या गावाला लागल्या, तेव्हा कुठली कुणाची हे फक्त ज्या होडीवर नंबर शिल्लक होता तिच्याबद्दलच लगेच कळलं. बाकी दोघींच्या घरच्यांनी माणसांच्या बातमीसाठी दोन दिवस काढले. माणसं सुखरूप होती. पण ते दोन दिवस मी पाहिलेत. होडीवरचं अक्षर ही सजावट नाही हे मला तेव्हा कळलं.

परत हैदराबादला बदली झाली आणि आमच्या शाखेची पाटी बदलायची निघाली. त्या कामाला आले उस्ताद. नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. छत्ता बाजारात उर्दू छापखान्यांसाठी किताबत करणाऱ्या घराण्यातले. छापखान्याचं काम कमी झालं तसे पाट्यांकडे वळले. उर्दू तर हातातच होती, तेलुगू आणि इंग्रजी शिकले, आणि देवनागरी आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाच्या कमानी रंगवता रंगवता पक्की झाली. पाटीवर आधी खडूच्या दोरीनं सूत मारायचं, मनगटाखाली हातकाठी टेकवायची, आणि मग खारीच्या केसांच्या ब्रशनं एका दमात अक्षर. बघत राहावं असं काम.

हुसेनसागरातल्या काही होड्यांचं कामही त्यांच्याकडे यायचं. हुसेनसागर १५६२-६३ चा, इब्राहीम कुतुबशहाच्या काळातला तलाव. त्याच्यात शिडाच्या होड्या आहेत, लष्कराच्या ईएमई सेलिंग असोसिएशनच्या, क्लबांच्या, आणि पर्यटनाच्या मोटारबोटीही. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी उस्तादांबरोबर काठावर जाऊन बसायचो. ते म्हणायचे, "साब, लकड़ी पे लिखना आसान, पानी पे लिखना मुश्किल. नाव पे लिखना दोनों के बीच का काम है."

त्यांनी मला एक मजेशीर गोष्ट दाखवली. होडीच्या उजव्या बाजूला बाहेर उभं राहून बघितलं तर तिचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, आपल्या उजव्या हाताला येते. डाव्या बाजूनं बघितलं तर डाव्या हाताला. म्हणून ते शक्य तिथं उजव्या बाजूला उर्दू आणि डाव्या बाजूला तेलुगू किंवा देवनागरी लिहायचे. उर्दू उजवीकडून सुरू होते, आपण डावीकडून. दोन्ही अक्षरं नाळेपासून सुरू होऊन मागं जातात. "दोनों आगे से चलते साब, कोई पीछे नै." आमच्या हैदराबादचं इतकं चांगलं वर्णन मी दुसरीकडे ऐकलं नाही.

मग आलं व्हिनाइल.

उस्तादांचा मुलगा, त्याला सगळे छोटे म्हणत, शिकलेला पण नोकरी नाही. १९९३ पासून प्रधानमंत्री रोजगार योजना होती, सुशिक्षित बेरोजगारांना धंद्यासाठी कर्ज. १९९८ साली छोटे अर्ज घेऊन आला, अक्षरं कापायच्या प्लॉटरसाठी. बापाचं आणि त्याचं घरात भांडण झालेलं होतं. उस्ताद म्हणत, मशीन अक्षर कापतं, लिहीत नाही. तरी शेवटी जामीनदार शोधायला तेच माझ्याबरोबर फिरले आणि कमी पडणारे पैसे घरातलं सोनं ठेवून त्यांनीच उभे केले. कर्ज मुदतीच्या आधी फिटलं, हे मुद्दाम नमूद करतो.

निवृत्तीनंतर माझा वेळ त्या दुकानात बराच गेला. हिशेब बघून द्यायचो, चहा प्यायचो आणि काम बघायचो. तरुण मंडळींना वाटतं स्टिकर चिकटवणं म्हणजे काय मोठंसं. म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा, मागं गोंद, त्याच्यामागं कागद. ते दोन जातींचं येतं. स्वस्त जात रुळांमध्ये दाबून लाटलेली असते. तिला ताणून पातळ केलेलं असतं, म्हणून उन्हात ती हळूहळू आक्रसते, परत आपल्या मूळ आकाराला जायला बघते. महाग जात द्रवरूपात ओतून भाजलेली असते, तिच्यात ताण नसतो, म्हणून होडीच्या गोलाईवर ती शांत बसते. छोटे म्हणायचा, पहिलीला मायका आठवतो, दुसरी सासरी रमते. होडीला कायम दुसरीच वापरायची.

मशीननं अक्षर कापलं की नको असलेला भाग चिमट्यानं सोलून काढायचा. इथं प्रत्येक लिपी आपला स्वभाव दाखवते. तेलुगूत अक्षराच्या डोक्यावरची ती छोटी खूण, तलकट्टू, सोलताना हमखास निघून येते. उर्दूचे नुक्ते, म्हणजे टिंबं, सुटी असतात, एक हरवलं तरी अक्षर बदलतं. आपल्या देवनागरीचं सगळ्यात बरं, शिरोरेषेमुळं अख्खा शब्द एका तुकड्यात उचलला जातो. फक्त कॉम्प्युटरवर आधी सगळी अक्षरं एकजीव करून घ्यावी लागतात, नाहीतर मशीन प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा कापतं आणि शब्दाचे तुकडे पडतात.

मग वरून चिकट कागद लावून सगळी अक्षरं एकदम उचलायची. होडीची बाजू आधी स्पिरिटनं पुसायची, कारण फायबरग्लास साच्यातून काढताना लावलेलं मेण पृष्ठभागावर राहतं आणि मेणावर काही टिकत नाही. बाटलीत पाणी आणि दोन-चार थेंब शाम्पू घेऊन फवारा मारायचा, म्हणजे अक्षर जागेवर सरकवता येतं. मधून कडेकडे पट्टीनं पाणी दाबून काढायचं. बुडबुडा राहिला तर सुईनं टोचायचा. आपल्या मे महिन्याच्या दुपारी हे काम करायचंच नाही. होडी तव्यासारखी तापते, गोंद लागल्या जागी पकडतो. सकाळी सातला, सावलीत. अक्षरांचे कोपरे थोडे गोल ठेवायचे, टोकदार कोपरा पाण्याच्या धारेनं आधी उचकटतो. आणि एक दिवस तरी होडी पाण्यात घालायची नाही.

शिडांचं काम वेगळं. दरवर्षी पावसाळ्यात हुसेनसागरावर हैदराबाद सेलिंग वीक भरतो. लेझर जातीच्या होडीच्या शिडावरचा आकडा ३०० मिलिमीटर उंचीचा लागतो, आणि दोन्ही बाजूंचे आकडे वरखाली लावायचे, उजव्या बाजूचे वर. का? शीड पातळ असतं, ऊन पडलं की मागचा आकडा पुढं दिसतो. दोन्ही एका रेषेत असतील तर पंचाला काहीच वाचता येणार नाही. उस्ताद तेव्हा थकले होते, पण मुलाला मापं धरून द्यायला येऊन बसायचे. मशीनशी त्यांचं भांडण मिटलं नव्हतं, मुलाशी मिटलं होतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो.

साल २०१६. शहराबाहेरच्या एका तलावावर एका माणसाचं रिसॉर्ट होतं आणि त्याच्या मोटारबोटी होत्या. त्याच्या रिसॉर्टच्या सगळ्या पाट्या छोटेकडे, वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर. बोटींवर नाव, नक्षी आणि 'प्रवासी क्षमता २०' हेही छोटेनंच लावलेलं, परवान्याचा कागद समोर ठेवून. दिवाळीच्या आधी त्याचा निरोप आला, २० चं ३० करून द्या. दोन काढायचा, तीन लावायचा.

छोटेनं नवा कागद मागितला. तो माणूस म्हणाला, कागद येईल मागून, सीझन चालू होतोय, स्टिकरच तर आहे.

छोटे संध्याकाळी माझ्याकडे आला. घरी नाही, दुकानाबाहेर स्कूटरवर बसून राहिला. "अंकल, काम तो पाँच मिनट का है. मगर हाथ नै उठरा." मुलीची फी, दुकानाचं भाडं, नव्या प्रिंटरचा हप्ता, सगळं त्या ऑर्डरवर उभं होतं. हिशेब मीच लिहायचो, त्यामुळे मला आकडे पाठ होते.

मी त्याला एवढंच सांगितलं, की बँकेत आम्ही चेकवर रक्कम दोनदा का लिहून घेतो. आकड्यात एकदा, अक्षरी एकदा. आकडा बदलायला एक रेघ पुरते. अक्षर बदलायला दुसरा माणूस लागतो. आणि आमच्या वेळी बदल केलाच, तर ज्याचे पैसे आहेत त्याची पूर्ण सही लागायची. इथं ज्यांचे जीव आहेत त्यांची सही कोण आणणार?

आतून उस्ताद सगळं ऐकत होते. ते बाहेर आले आणि मुलाला म्हणाले, "नक्को बेटा." नको हा आपलाच शब्द, पण त्या दिवशी तो जितका जड वाटला तितका मराठीत कधी वाटला नाही.

ऑर्डर गेली. पाट्याही गेल्या. छोटेनं प्रिंटरचा हप्ता चुकवला नाही, पण त्या वर्षी स्कूटर विकली.

फेब्रुवारीत तो दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेला होता. बोट काठालाच लागलेली. दुसऱ्या कुणीतरी तीन लावून दिलेला होता. पण व्हिनाइलची एक खोड आहे. अक्षराखालचा रंग उन्हापासून वाचतो आणि आजूबाजूचा विटतो. स्टिकर सोलला तरी जुन्या अक्षराची गडद सावली तिथं राहते. आमच्या छोटेच्या भाषेत भूत. त्या तीनच्या मागं दोन स्वच्छ दिसत होता. त्यानं मोबाइलवर फोटो काढला.

मी त्या फोटोच्या तीन प्रती काढल्या, जुन्या परवान्याचा नंबर घातला आणि संबंधित कचेरीला रजिस्टर्ड पोस्टानं पत्र पाठवलं, पोचपावतीसह. पन्नास वर्षं पत्रं लिहिणाऱ्या माणसाचं पत्र, त्यामुळे भावना कमी, तारखा जास्त. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. मी महिन्याला एक स्मरणपत्र पाठवत राहिलो. चौथ्यानंतर त्या बोटीवर परत २० आला, हातानं रंगवलेला, ओबडधोबड. काठावर जीवरक्षक जॅकेटांची दोरीही टांगलेली दिसली. छोटेला ऑर्डर मात्र परत मिळाली नाही.

हे सगळं मला मोठं वाटत नव्हतं. पण नंतरच्या बातम्या वाचत गेलो. केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची बोट उलटून २२ माणसं गेली, बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक होते. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेची सहल होती. बारा मुलं आणि दोन शिक्षिका. तिथंही बोटीत जास्त माणसं, आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्या रात्री मला 'दोन काढा, तीन लावा' हेच ऐकू येत होतं.

आपल्या शहरालाही वजनाचा धडा नवा नाही. १० मार्च १९९० ला हुसेनसागरात बुद्धाची अखंड दगडी मूर्ती तराफ्यावरून नेताना तराफा कलंडला, माणसं गेली, आणि ती मूर्ती पाण्यात पडून राहिली. १ डिसेंबर १९९२ ला ती जागेवर उभी राहिली. आज लुंबिनी पार्कवरून 'भागमती' लाँचमध्ये बसून आपण तिथं फोटो काढायला जातो.

जहाजांच्या जगात यावर उपाय फार पूर्वी झाला. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल नावाचे खासदार होते. जुनी जहाजं भरमसाट विमा उतरवून, भरमसाट माल लादून समुद्रात पाठवायची. बुडालं तर मालकाला विम्याचे पैसे, खलाशांच्या घरी काही नाही. प्लिमसॉल यांनी वर्षानुवर्षं भांडून १८७६ साली कायदा करून घेतला, की जहाजाच्या बाजूला भाररेषा पाहिजे. एक वर्तुळ, त्यातून आडवी रेघ, आणि पुढच्या काळात शेजारी गोड्या पाण्यासाठी, उष्ण समुद्रासाठी, हिवाळ्यासाठी वेगवेगळ्या अक्षरांच्या रेघा. पाणी त्या रेघेच्या वर आलं की जहाज निघायचं नाही. आणि बघा, मोठ्या जहाजावर ही खूण नुसती रंगवत नाहीत, लोखंडात ठोकून किंवा वेल्डिंग करून उमटवतात. रंग उडाला तरी खूण हाताला लागते. सोलून काढता येत नाही. आपल्या नद्या-तलावांतल्या बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आला, नोंदणी आणि नंबर त्यात आहेत. पण कायद्याचं शेवटचं टोक एका कारागिराच्या चिमट्यात असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

उस्ताद २०१८ मध्ये गेले. छोटेचं दुकान चालू आहे. आता गाड्यांवर डिझाइन, निवडणुकीचे फ्लेक्स, दवाखान्यांच्या काचा. होडीचं काम वर्षातून आठ-दहा वेळा. पण तेव्हापासून त्यानं एक पद्धत ठेवली आहे. क्षमतेचा आकडा तो फक्त आकड्यात लावत नाही. तेलुगूत, उर्दूत आणि इंग्रजीत अक्षरी लावतो, आणि अक्षरांचे पैसे घेत नाही. गिऱ्हाईक विचारतं, एवढं कशाला? तो म्हणतो, "हमारे अंकल बँक के हैं, उनकू अक्षरी होना." गेल्या वर्षी एका क्लबच्या बोटीवर माझ्यासाठी म्हणून चौथी ओळ देवनागरीत लावली. 'वीस फक्त'. क्लबवाल्यांनी ती राहू दिली.

मंडळी, आता पावसाळा संपला की सहली निघतील. नागार्जुनसागर, गोदावरी, कुठं कुठं. नातवंडांना घेऊन बोटीत बसाल तेव्हा आधी बाजूला लिहिलेला आकडा वाचा, मग माणसं मोजा. आकड्याच्या मागं दुसरा आकडा दिसतोय का तेही बघा. नातवंडांना लाज वाटेल, वाटू द्या.

आणि छत्ता बाजारातले जुने कातिब किंवा पेंटर तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचे असतील, तर त्यांच्याबद्दल जरूर लिहा. त्यांनी आपल्या शहराचं नाव फार वर्षं लिहिलं.